गुडघा गेला तर पगाराचं काय? फुटबॉलपटूच्या करारातलं दुखापतीचं कलम समजून घ्या

सिल्वासा : फुटबॉलच्या ट्रायलमध्ये निवड झाली की पोराच्या हातात इंग्रजीतला आठ-दहा पानांचा करार येतो. घरचे पगाराचा आकडा बघतात, पोरगा क्लबचं नाव बघतो आणि सही होते. पण खेळाडूचं घर ज्यावर चालतं, ते कलम बहुतेक वेळा मधल्या पानावर असतं. दुखापत झाली तर पगार चालू राहणार का, किती दिवस आणि ऑपरेशनचा खर्च कुणाचा? सिल्वासा, खानवेल, तलासरी, उमरगाव या पट्ट्यातून मुंबई-गोव्याच्या मैदानांकडे बघणाऱ्या प्रत्येक घराने हे कलम सहीच्या आधी वाचायला हवं.

आधी खात्याची नोकरी हीच गॅरंटी होती

मुंबईच्या फुटबॉलमध्ये कित्येक वर्षं खात्यांच्या संघांचा जोर होता. रेल्वे, बँका, एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ, माझगाव डॉक. खेळाडू कुपरेजवर खेळायचा, पण कागदोपत्री तो खात्याचा कर्मचारी असायचा. कायम नोकरी मिळालेल्याचा गुडघा गेला तर मैदान सुटायचं, पगार सुटत नसे. तो ऑफिसातल्या टेबलावर बसायचा आणि पुढे पेन्शन किंवा पीएफ घेऊन निवृत्त व्हायचा. दुखापतीचं वेगळं कलम लागायचंच नाही.

हळूहळू चित्र बदललं. २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे दोन संघ क्लब लायसन्सिंगच्या अटींत न बसल्याने आय-लीगबाहेर गेले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. वरच्या पातळीवर पैसा वाढला, पण नोकरीची जागा ठरावीक मुदतीच्या कराराने घेतली. आधी जी हमी नोकरीतून आपोआप मिळायची, ती आता कागदावर लिहून घ्यावी लागते.

फिफाचे नियम काय सांगतात?

फिफाच्या नियमांत व्यावसायिक खेळाडूची व्याख्या सोपी आहे. क्लबशी लेखी करार हवा आणि खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळायला हवेत. फक्त प्रवासभाडं, बूट आणि जेवणाचे पैसे घेऊन खेळणारा नियमाच्या भाषेत हौशी ठरतो. त्याला करारातलं संरक्षण नाही, कारण करारच नाही.

कराराची मुदत किमान चालू सीझन संपेपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षं असते. १८ वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त बांधता येत नाही. मेडिकल टेस्ट पास झाली तरच करार लागू, अशी अटही घालता येत नाही. क्लबने तपासणी सहीच्या आधी करून घ्यायची असते.

करारात किमान काय असावं, याचं परिपत्रक फिफाने २००८ मध्ये काढलं. त्यानुसार आरोग्य आणि अपघात विमा, तसंच खेळता येत नसलेल्या काळातला पगार हे विषय करारात असायला हवेत. फक्त दुखापत झाली म्हणून क्लबने करार तोडणं फिफाची न्याय यंत्रणा योग्य कारण मानत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला, तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करारातून बाहेर पडू शकतो.

करार संपतो, गुडघा मात्र बरा झालेला नसतो

खरी मेख मुदतीत आहे. उदाहरण घेऊ. महिना २० हजारांवर खेळणाऱ्या मुलाचा करार ३१ मे रोजी संपतो. १० फेब्रुवारीला त्याचा एसीएल, म्हणजे गुडघ्याचा मुख्य लिगामेंट तुटतो. महिनाअखेरीस ऑपरेशन होतं. अशा ऑपरेशननंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने धरतात, म्हणजे नोव्हेंबरची अखेर. क्लबने नियम पाळला तर मेपर्यंत पगार मिळेल. जून ते नोव्हेंबर हे सहा महिने, म्हणजे १ लाख २० हजार रुपये, कुणाच्याच खात्यात नाहीत. शिवाय फिजिओथेरपीचा खर्च सुरूच. आणि लंगडणाऱ्या खेळाडूला जूनमध्ये नवा करार कोण देणार?

आता हेच फॅक्टरीत बघा. ईएसआय लागू असलेल्या, २० हजार पगाराच्या कामगाराचा पाय मशीनमध्ये सापडला, तर तात्पुरत्या अपंगत्वासाठी त्याला सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. महिन्याला साधारण १८ हजार, आणि तेही डॉक्टर कामावर जायला योग्य ठरवेपर्यंत. कामगाराचे पैसे दुखण्याच्या मुदतीवर चालतात, खेळाडूचे कराराच्या तारखेवर. महिना २१ हजारांपेक्षा जास्त पगार असलेले ईएसआयमध्ये येत नाहीत.

खेळाच्या संस्था या कायद्याबाहेर आहेत असंही नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबई हायकोर्टाचा निकाल कायम ठेवत बीसीसीआयला ईएसआय कायद्याखाली 'दुकान' मानलं. त्यात खेळाडूंच्या करारांचा प्रश्न नव्हता, पण खेळ चालवणारी संस्थाही मालक असते, हे त्यातून स्पष्ट झालं.

देशासाठी खेळताना लागलं तर?

जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशिया कपमध्ये सीरियाविरुद्ध खेळताना एफसी गोवाचा बचावपटू संदेश झिंगन जखमी झाला आणि सीझनच्या उरलेल्या सामन्यांना मुकला. अशा वेळी खेळाडू देशाच्या जर्सीत जखमी होतो, पण पगार क्लबलाच द्यावा लागतो. त्यासाठी फिफाची २०१२ पासून योजना आहे. २८ दिवसांपेक्षा जास्त काळ खेळता आलं नाही, तर क्लबला दिवसाला जास्तीत जास्त २०,५४८ युरो, एक वर्षापर्यंत, एकूण ७५ लाख युरोंच्या मर्यादेत मिळू शकतात. मात्र सामना फिफाच्या आंतरराष्ट्रीय कॅलेंडरमधला हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये मोहन बागानने राष्ट्रीय शिबिराला खेळाडू सोडले नाहीत, तेव्हा कॅलेंडर आणि जखमी खेळाडूंची भरपाई हेच वादाचे मुद्दे होते.

अमेरिकेत कलमाची तारीखच ठरवते

'इंजुरी गॅरंटी' हा शब्द जास्त वापरात आहे तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. तो खेळ वेगळा, पण धडा कामाचा आहे. तिथल्या एनएफएलमध्ये बऱ्याच करारांत पुढच्या वर्षाचा पगार फक्त दुखापतीपुरता हमीचा असतो. खेळाडू फिट असेल तर संघ ठरलेल्या तारखेआधी त्याला सोडू शकतो, जखमी असेल तर पैसे द्यावेच लागतात.

डेन्व्हर ब्रॉन्कोजचा रसेल विल्सन जखमी झाला असता, तर २०२५ चे ३ कोटी ७० लाख डॉलर संघाच्या गळ्यात पडले असते. डिसेंबर २०२३ मध्ये, दोन सामने बाकी असताना, धडधाकट विल्सनला संघाने बाहेर बसवलं. कोचने खेळाचं कारण दिलं. या कलमाची तारीख पुढे ढकलण्यासाठी संघाने आधी दबाव आणला होता, असं विल्सनने जाहीरपणे सांगितलं. हमी चांगलीच, पण ती कुठल्या तारखेला पक्की होते हेही बघावं लागतं.

विमा आहे, म्हणजे सगळं आलं असं नाही

'क्लबचा विमा आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, डिस्चार्जनंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच देतो. साधी अपघात पॉलिसी मुख्यतः मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असते. बुडालेल्या पगाराचे पैसे हवे असतील तर तो भाग वेगळा घ्यावा लागतो. अनेक पॉलिसींत व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेलीच असते.

आणि नुसती हमी देणाऱ्याच्या ताकदीएवढीच टिकते. ऑगस्ट २०२५ मध्ये आयएसएलचं भवितव्य टांगणीला लागलं, तेव्हा बंगळुरू एफसीने मुख्य संघाचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. ते फिट खेळाडूंचेही होते.

सही करण्याआधी हे बघा

१. दुखापतीच्या काळात पूर्ण पगार की कमी? फक्त 'मॅच फी' असेल तर बाकावर बसल्यावर हातात काहीच येणार नाही.

२. करार संपल्यावरही उपचार आणि फिजिओचा खर्च क्लब देणार का? 'खेळायला योग्य ठरेपर्यंत' असे शब्द लिहून घ्या.

३. फिट आहे की नाही हे कोण ठरवणार? फक्त क्लबचा डॉक्टर असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याची सोय मागा.

४. बाहेर खेळायला बंदी आहे का? दिवाळीतल्या गावच्या बक्षिसाच्या स्पर्धेत गुडघा गेला, तर क्लब हात वर करू शकतो.

५. विमा पॉलिसीची प्रत मागा. नुसता कार्ड नंबर पुरेसा नाही.

६. दुखापतीनंतर 'परस्पर संमतीने करार संपवत आहोत' असा कागद समोर आला, तर लगेच सही करू नका. त्यात 'यापुढे कुठलाही हक्क नाही' असं लिहिलेलं असेल, तर पुढचे सगळे दावे तिथेच संपू शकतात.

कराराची सही-शिक्क्याची प्रत घरी ठेवा आणि एआयएफएफच्या नोंदणी प्रणालीत तोच करार चढला आहे ना, हे तपासा. दुखापतीचे एमआरआय, डॉक्टरांची चिठ्ठी आणि क्लबला पाठवलेले मेसेज तारखेसह जपून ठेवा. देशांतर्गत वाद आधी एआयएफएफच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे जातो आणि तिथे कागदच बोलतो. इंग्रजी जमत नसेल तर ओळखीच्या वकिलाकडून किंवा सरांकडून करार मराठीत समजून घ्या. त्यासाठी दोन दिवस मागितले म्हणून कुठलाही चांगला क्लब निवड रद्द करत नाही.