वाऱ्याने खाल्लेली दोन मिनिटं

बारामतीकरांना शिकाऊ विमानांची घरघर नवी नाही. एमआयडीसीजवळच्या विमानतळावर पायलट व्हायला आलेले ताई-दादा तिथे उडायला शिकतात. त्यातलं एखादं छोटं विमान थेट पुण्याच्या लोहगाव विमानतळाकडे निघालं, तर किती वेळात पोचेल?

आधी अंतर काढू. नकाशावर दोन्ही विमानतळांवर टिंब द्या आणि पट्टीने जोडा. रेघ सुप्याजवळून, मग उरुळी कांचनजवळून जाते आणि लोहगावला टेकते. लांबी सुमारे 80 किलोमीटर. रेल्वेला अशी सरळ वाट नाही. ती आधी उत्तरेला दौंडला जाते आणि मग पश्चिमेला वळते.

आता वेळ. शिकाऊ सेस्ना विमानाचा वेग ताशी 200 किलोमीटर धरू. म्हणजे जायला 24 मिनिटं, यायला 24, एकूण 48. झालं की गणित!

पण वारा राहिला ना! विमान हवेत उडतं आणि ती हवाच चालत असते. धावत्या गाडीच्या डब्यात तुम्ही इंजिनाच्या दिशेने चाललात, तर तुमचा वेग गाडीच्या वेगात मिळतो. उलटे चाललात, तर वजा होतो. विमानाचंही तसंच.

समजा, पुण्याकडून बारामतीकडे ताशी 40 किलोमीटर वारा सुटलाय. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचाच असतो, तेव्हा हे काही अगदीच मनचं नाही. जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग उरला 160, म्हणून 30 मिनिटं लागली. येताना वेग झाला 240, म्हणून 20 मिनिटं. बेरीज करा. 50!

जाताना वारा जेवढा अडवत होता, तेवढाच येताना ढकलत होता. मग 2 मिनिटं गेली कुठे? मला हे कोडं फार आवडतं, कारण उत्तर अगदी समोर आहे. वाऱ्याने विमानाला अडवलं 30 मिनिटं आणि मदत केली फक्त 20 मिनिटं. वेग सारखाच घटला-वाढला, पण घटलेल्या वेगाने विमान जास्त वेळ उडालं. वारा दुप्पट, म्हणजे ताशी 80 करून बघा: जायला 40, यायला सुमारे 17, एकूण 57 मिनिटं.

मोठ्या विमानांनाही वारा सोडत नाही. मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, कारण 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात.

आणि वेळापत्रकातली वेळ तर आणखी वेगळी. पुणे ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 600 किलोमीटर. ताशी 800 च्या वेगाने पाऊण तास पुरायला हवा, पण तिकिटावर जवळजवळ दीड तास दिसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, हळूहळू उतरणं, सगळं त्यात आलं.

आता शेवटचं गणित तुमच्यासाठी. आपल्या सेस्नासमोर वारा ताशी 200 किलोमीटर झाला तर? इंजिन जोरात चालू, पंखा गरगर फिरतोय, नाक पुण्याकडे, आणि खाली सुपे जिथल्या तिथे!