जपानमधील शिन्कान्सेन : जलदगती रेल्वेजाळ्याचा विकास आणि त्याचा भार

प्रस्तावना

वेग हा जलदगती रेल्वेचा सर्वांत ठळक गुण असला, तरी तिच्या राष्ट्रव्यापी जाळ्याचा विकास केवळ वेगाच्या ओढीने होत नाही. जपानमध्ये पहिला मार्ग गर्दीच्या निकडीतून निर्माण झाला. पुढील मार्गांमागे मात्र प्रादेशिक समतोलाचे धोरण होते. या स्थित्यंतरामुळे जाळ्याचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात विचार केला आहे.

पहिला मार्ग

जपानमधील जुने लोहमार्ग प्रामुख्याने १,०६७ मि.मी. रुंदीचे आहेत. टोकियो-ओसाका या औद्योगिक पट्ट्यातील तोकाइदो मार्गाची क्षमता १९५० च्या दशकात संपत आली. त्याच रुंदीचे रूळ वाढविण्याऐवजी १,४३५ मि.मी. रुंदीचा पूर्णपणे स्वतंत्र मार्ग बांधावा, असा आग्रह राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी धरला. या मार्गावर रस्त्यांची फाटके नाहीत, मालगाड्या धावत नाहीत आणि वेगमर्यादेचा संकेत चालकाच्या कक्षातच मिळतो. शिन्कान्सेनचे यश केवळ इंजिनाच्या शक्तीत नसून या पृथक्करणात आहे.

जागतिक बँकेने १९६१ मध्ये या प्रकल्पास ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. खर्च मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि सोगो व शिमा या दोघांनाही १९६३ मध्ये पदे सोडावी लागली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी मार्ग खुला झाला. साडेसहा तासांचा प्रवास चार तासांवर, तर १९६५ मध्ये तीन तास दहा मिनिटांवर आला.

विस्तार आणि कर्ज

या यशानंतर १९७० मध्ये राष्ट्रव्यापी शिन्कान्सेन जाळ्यासाठी कायदा करण्यात आला. १९७५ मध्ये मार्ग पश्चिमेस हाकातापर्यंत पोहोचला; १९८२ मध्ये उत्तरेकडील मोरिओका व निगाता ही शहरे जोडली गेली. तथापि, तोकाइदो पट्ट्यातील दाट लोकवस्ती अन्यत्र नव्हती. नव्या बांधकामाच्या कर्जात तोट्यातील शाखामार्गांची भर पडली. १ एप्रिल १९८७ रोजी राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन झाले, तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज होते.

नवी व्यवस्था

त्यानंतरच्या नव्या मार्गांची बांधणी सार्वजनिक संस्था करते. रेल्वे कंपनी वापराचे भाडे देते आणि उरलेला खर्च केंद्र व प्रांत दोनास एक या प्रमाणात उचलतात. समांतर जुना मार्ग मात्र रेल्वे कंपनीला सोडून देता येतो. १९९७ मध्ये नागानोपर्यंत शिन्कान्सेन सुरू झाली, तेव्हा योकोकावा-कारुइझावा हा जुना घाटमार्ग बंद झाला. त्यापुढील भाग स्थानिक कंपनीकडे गेला. दूरची शहरे जवळ आली, परंतु मधल्या गावांच्या दैनंदिन गाड्यांचा भार स्थानिकांवर पडला.

समारोप

१४ सप्टेंबर २०१७ रोजी पायाभरणी झालेला ५०८ कि.मी.चा मुंबई-अहमदाबाद प्रकल्प याच तंत्रज्ञानावर आधारलेला असून त्याचे रूळही भारतीय ब्रॉडगेजपासून भिन्न, १,४३५ मि.मी. रुंदीचे आहेत. त्यामुळे जपानचा अनुभव येथेही प्रस्तुत ठरतो. अशा जाळ्याचे मूल्यमापन वाचलेल्या तासांबरोबरच जुन्या मार्गावर अवलंबून असलेल्या प्रवाशाच्या पदरी काय उरले, यावरूनही व्हावयास हवे.