पाय घसरला, की शुद्ध गेली?

पहाटे चारला न्हाणीघरापाशी तांब्या पडल्याचा आवाज झाला. धावत गेलो तर अण्णा दाराला टेकून खाली बसलेले, कपाळाला खोक पडलेली. "काही नाही रे, पाय घसरला," म्हणाले. फरशी कोरडी ठणठणीत होती.

वयस्कर माणसांचं पुष्कळदा असं होतं. काही सेकंद शुद्ध हरपते, पण हरपली होती हेच आठवत नाही. म्हणून पडण्याची हकिगत पाहणाऱ्यालाही विचारावी.

मेंदूला सहा-आठ सेकंद रक्त मिळालं नाही तरी शुद्ध जाते. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीला ते लगेच कळतं. हृदय वेग वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतात. उतारवयात ही धावपळ मंदावते. त्यात पाणी कमी प्यायलेलं, मधुमेहाने नसा बिघडलेल्या, आणि वर रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर तो दोष समजतात. काहींना भरपेट जेवल्यावर, लघवी करताना, तर एखाद्याला दाढीसाठी मान वळवतानाही घेरी येते.

हृदयामुळे येणारी भोवळ वेगळी, आणि मला भीती वाटते ती तिचीच. बसल्या जागी किंवा जिना चढताना, काही कळायच्या आत माणूस कोसळतो आणि थोड्या वेळात डोळे उघडतो. कधी हृदयातल्या विजेची वाट अडलेली असते, कधी महाधमनीची झडप आकसलेली. वाट अडल्यानेच वारंवार कोसळणाऱ्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात 1958 साली स्टॉकहोममध्ये पहिला पेसमेकर बसवला. ते 2001 पर्यंत जगले. कुणी असं कोसळलं, तर 'शुगर कमी झाली असेल' म्हणत साखरपाणी पाजू नका, अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आडवं करा, पाय उंच धरा, आणि त्याच दिवशी ईसीजी काढा.

अण्णांचा दाब डॉक्टरांनी आधी झोपवून मोजला, मग उभं करून. 142 चा 108 झाला. इतक्या वर्षांत उभ्याने तो कुणी मोजलाच नव्हता. औषधं बदलली.

आता पहाटे त्यांच्या खोलीतून पलंग करकरल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही. कडेला बसून ते पावलं वरखाली करत असतात.