कंबरेच्या तळचे अस्थिबंध

आश्विन लागला कीं वाशीम जिल्ह्यांत सोयाबीनच्या सोंगणीची एकच धांदल उडते. दिवसभर कंबरेंत वांकून विळा चालवावयाचा आणि ऊन कलतां कलतां भारे उचलून सुडीपर्यंत न्यावयाचे, हा क्रम ठरलेला. डोक्यावरचें ओझें पाठींतून खालीं उतरतें, हें कोणीहि सांगेल. पण कणा एक आणि पाय दोन, तेव्हां तें दोहींकडे फुटतें कोठें, याचा विचार सहसा होत नाहीं.

तें ठिकाण म्हणजे त्रिकास्थि. लहानपणीं सुटे असलेले पांच मणके पंचविशीच्या सुमारास सांधून त्यांचें पाचरीसारखें एक हाड बनतें व कटीच्या दोन हाडांमध्यें बसतें. पाचर ओझ्यानें अधिकच घट्ट बसावी, अशी कल्पना होते. परंतु ही पाचर पुढील अंगास रुंद व मागें अरुंद असल्यामुळें ओझें पडतांच ती ओटीपोटाकडे घसरूं पाहते. तिला धरून ठेवतात ते मागील बाजूचे आंखूड, जाड अस्थिबंध. त्रिकास्थि त्यांवर जणूं टांगलेलें असतें. ओझें वाढलें कीं ते ताणले जातात आणि कटीचीं हाडें त्यास दोहों बाजूंनीं आवळतात. त्याचें खालचें टोक मागें उचलूं नये म्हणून प्रत्येक बाजूस आणखी दोन बंध आहेत. कंबरेचा पांचवा मणकाहि कटीच्या कडेशीं असाच जखडलेला असतो.

सुश्रुतानें शरीरांत 900 स्नायु मोजले आणि त्यांचें कार्य सांगतांना फळ्या बांधून केलेल्या, भार वाहणाऱ्या नावेचा दृष्टांत दिला. त्याचा स्नायु म्हणजे बांधणारा तंतु. मराठींत तो शब्द मांसपेशीस चिकटला, आणि खऱ्या बंधांस नवें नांव शोधावें लागलें!

या बंधांस एक खोड आहे. फार वेळ वांकून राहिलें कीं पाठीच्या मांसपेशी सैल पडतात, सारा ताण मागील बंधांवर येतो व ते हळूहळू लांबतात. माणूस ताठ झाला तरी ते लागलीच पूर्ववत् होत नाहींत. नेमका त्याच वेळीं भारा उचलला तर लचक भरण्याचा धोका मोठा. आणि बंधांस रक्ताचा पुरवठा बेताचा असल्यामुळें ती दुखापत आठवडेच्या आठवडे रेंगाळते. गरोदरपणीं तर हे बंध निसर्गतःच ढिले होतात. म्हणून विळा खालीं ठेवतांच भाऱ्यास हात घालूं नये. पाणी प्यावें, बांधावरून चार पावलें चालावें, कांहीं वेळ ताठ उभें राहावें, आणि मग दोघींनीं मिळून भारा उचलावा.