दुबईत भाड्याची गाडी चालवताना

कापडाच्या सौद्यासाठी दुबईला जाणारे आपले काही व्यापारी बांधव तेथे भाड्याची गाडी घेतात. वेळ वाचतो, हे खरे. पण तेथील रस्ता व कायदा दोन्ही आपल्याहून वेगळे आहेत. आमच्या मते तेथे वेगापेक्षा जुन्या सवयीचा धोका मोठा आहे.

प्रथम परवान्याचे पाहू. व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच आपल्या आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्यावे. त्याची मुदत जास्तीत जास्त १ वर्षाची असते. मूळ लायसन्सही जवळ ठेवावे. रेसिडेन्स व्हिसा लागल्यावर मात्र तेथीलच लायसन्स काढावे लागते.

तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात व स्टिअरिंग डावीकडे असते. गर्दीत पुढच्या गाडीमागे जाताना चूक होत नाही. चूक होते ती पहाटे, रिकाम्या रस्त्यावर किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. हात आपोआप डाव्या बाजूला ओढतो. अशा वेळी क्षणभर थांबून स्वतःला आठवण द्यावी. उजवे वळण लहान, डावे मोठे. गोल चक्करमध्ये आधीपासून असलेली, म्हणजे डावीकडून येणारी गाडी आधी जाते.

दंड कडक आहेत. लाल सिग्नल तोडल्यास १,००० दिरहम दंड, लायसन्सवर १२ काळे गुण व ३० दिवस गाडी जप्त. चालवताना मोबाइल हाती धरल्यास ८०० दिरहम, सीट बेल्ट नसल्यास ४०० दिरहम. दुबईत कॅमेरा पाटीवरील मर्यादेवर ताशी २० किलोमीटर सूट देतो. अबू धाबीत ही सूट २०१८ पासून बंद आहे. शेख झायेद रोडवरून सरळ अबू धाबीच्या हद्दीत जाणारे येथेच फसतात. म्हणून पाटीवरचा आकडा हीच मर्यादा समजावी.

अपघात झाल्यास ९९९ वर पोलिसांना कळवावे. पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. आपसात मिटवण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या चुकीने कोणाचा जीव गेला तर शिक्षेशिवाय दियत द्यावी लागते आणि ती किमान २ लाख दिरहम आहे. विमा असला तरी परवाना वैध नसल्यास विमा कंपनी ही रक्कम चालकाकडून वसूल करू शकते. वर्षानुवर्षांची कमाई एका कागदापायी जाऊ शकते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. देराच्या मुर्शिद बाजारात व नाइफ भागात गल्ल्या अरुंद आहेत, पार्किंगसाठी फेऱ्या माराव्या लागतात. तेथे मेट्रो व पायी जाणेच परवडते. खाडीपलीकडे बर दुबईच्या कापड बाजारात जायला अब्रा होडी आहे. गाडी लांबच्या गोदामासाठी ठेवावी; तीही झोप पूर्ण झाल्यावर, विमानातून उतरल्या उतरल्या नव्हे.