सचोटीची कसोटी

पोलीस दलात येऊ पाहणाऱ्या तरुणाची सचोटी आधीच तपासावी आणि त्यासाठी असत्यशोधक यंत्र वापरावे, अशी सूचना अधूनमधून कानी पडते. ज्याच्या हाती दंडुका आणि कायदा सोपवायचा तो सच्चा असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की सचोटीचे हे माप तरी खरे आहे काय?

हे यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि हाताला सुटणारा घाम यांची नोंद घेते. त्यावरून खोटेपणाचे अनुमान काढतो तो माणूस. १९२१ साली अमेरिकेतील बर्कले येथे जॉन लार्सन या पोलिसाने ते उपयोगात आणले आणि तेथील अनेक पोलीस खात्यांत आजही उमेदवारांना या यंत्रापुढे बसवितात. परंतु त्याच देशाने १९८८ साली कायदा करून बहुतेक खाजगी मालकांना नोकरीसाठी ही चाचणी घेण्यास मनाई केली. २००३ साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने, सरकारी कर्मचाऱ्यांची सुरक्षाविषयक चाळणी करण्याइतके हे यंत्र भरवशाचे नाही, असा अभिप्राय दिला. अ‍ॅल्ड्रिच एम्स हा अमेरिकी हेरखात्यातील अधिकारी रशियाला गुपिते विकत असताना १९८६ आणि १९९१ या दोन्ही चाचण्यांतून सुखरूप पार पडला होता! निर्ढावलेल्याची नाडी शांत राहावी आणि भोळ्याची धडधडावी, यात नवल ते काय?

आता आपल्या देशातील अनुभव पाहू. नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरील रामाकोना हे गाव मध्य प्रदेशातील मराठी मुलखात, २०२३ साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. तेथल्या शेतकऱ्याच्या मुलाला शिपाई व्हायचे तर भोपाळच्या मंडळाची परीक्षा द्यावी लागते. हे तेच मंडळ, जे 'व्यापम' या नावाने देशभर कुप्रसिद्ध झाले आणि ज्याला २०२२ साली 'कर्मचारी निवड मंडळ' असे नवे नाव मिळाले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. २०१३ च्या पोलीस शिपाई परीक्षेबाबत २०१९ च्या नोव्हेंबरात ३१ जण दोषी ठरले. तिघा-चौघांचा नव्हे, तोतये परीक्षार्थी, त्यांना बसविणारे उमेदवार आणि मध्यस्थ यांचा तो बाजार होता. तिसांना सात वर्षांची आणि एकाला दहा वर्षांची शिक्षा झाली. रात्रंदिवस अभ्यास करून, पहाटे रस्त्यावर धावून तयारी करणाऱ्या मुलाची जागा जेथे अशी विकली जाते, तेथे त्याच्याच दंडाला यंत्राचा पट्टा बांधणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

शिवाय, संमतीवाचून अशी चाचणी घेणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात दिला आहे. तो निर्णय गुन्ह्यांच्या तपासासंबंधी होता हे खरे. पण जी संमती संशयिताकडूनही जबरीने घेता येत नाही, ती नोकरीच्या गरजेपोटी उमेदवाराने दिली तर तिला आम्ही स्वखुशीची म्हणणार नाही.

मग सचोटी पारखावी कशी? भरतीच्या वेळी उमेदवाराला आपल्यावरील खटल्यांची माहिती लिहून द्यावी लागते. सचोटीची पहिली परीक्षा तीच. अवतार सिंग खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही माहिती खरीच असली पाहिजे. मात्र कोवळ्या वयात दिलेल्या घोषणा किंवा किरकोळ गुन्हा दडविला गेला असल्यास तो नजरेआड करता येईल. त्याचबरोबर, खरे सांगणाऱ्यालाही नेमलेच पाहिजे असे बंधन सरकारवर नाही. म्हणजे खरे बोलून नोकरी गमवावी की लपवून नशीब अजमावावे, हा पेच उमेदवारापुढे उरतोच.

तो पेच सरकारनेच सोडवावा. कोणता गुन्हा अपात्र ठरवितो आणि कोणता नाही, हे अर्जावरच स्पष्ट छापावे. खरे सांगणाऱ्याला केवळ त्या सांगण्यापायी डावलू नये. आणि परीक्षा घेणाऱ्यांची झडती उमेदवारांच्या आधी घ्यावी. रामाकोन्याचा मुलगा असो वा रत्नागिरीचा, खरे बोलल्याने आपले नुकसान होणार नाही एवढी खात्री त्याला मिळाली, तर पोलीस दलाला सच्ची माणसे शोधण्यासाठी यंत्र धुंडाळावे लागणार नाही.