खेकडा घड्याळ कुठे बांधतो?

इंग्लंडच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेली मुलं एक उद्योग करतातच. धक्क्यावर पालथं पडायचं, दोरीला मांसाचा तुकडा बांधून पाण्यात सोडायचा आणि गप्प राहायचं. दोरी जड लागली की हळूच वर ओढायची. गळ नाही, जाळं नाही, तरी टोकाला एक हिरवट खेकडा लोंबकळत असतो! नांगीतला तुकडा सोडला तर टुपकन पाण्यात पडून सुटेल की नाही? पण सोडेल तो खेकडा कसला! मग थोडा वेळ बादलीत मुक्काम आणि पुन्हा पाण्यात रवानगी.

हा युरोपातला किनारी खेकडा. शास्त्रीय नाव कार्सिनस मीनस. पूर्ण वाढला तरी पाठ फार तर नऊ सेंटिमीटर रुंद. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना, पाठीच्या कडेवर पाच-पाच टोकदार दाते असतात. ते मोजले की ओळख पटली.

राहतो कुठे? खडकांत, दगडांखाली, शेवाळाच्या ओल्या झुबक्यांत. जागा छान, पण दिवसातून दोनदा तिथला समुद्रच निघून जातो. ओहोटीच्या वेळी हा उघड्यावर फिरला, तर वरून कुरव पक्षी झडप घालणार. म्हणून तेव्हा लपून बसायचं आणि भरती आली की बाहेर पडून शिंपले, गोगलगायी, किडे, जे मिळेल ते खायचं.

पण भरती आली हे त्याला कळतं कसं? तुम्ही म्हणाल, त्यात काय, अंगाला पाणी लागलं की कळलं! अर्नेस्ट नेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. त्यांनी खेकडे प्रयोगशाळेत आणून ठेवले. तिथे ना भरती, ना ओहोटी. उजेड तेवढाच, गारवाही तेवढाच. तरीही बाहेर किनाऱ्यावर भरती यायची वेळ झाली की खेकड्यांची धावपळ सुरू होई आणि ओहोटीच्या वेळी ते शांत बसत! काही दिवसांनी हा ताल विसकटत जाई, पण तोवर खेकडे आपल्या किनाऱ्याच्या वेळापत्रकानेच चालत. १९५८ साली नेलर यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले.

आणि हे वेळापत्रक काही सोपं नाही बरं का. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आपल्याकडचे कोळी त्यासाठी तिथीची पाऊणपट करतात. आज अष्टमी, तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. खेकड्याला कुठला पाऊणकीचा पाढा यायला! त्याचं घड्याळ आतूनच चालतं.

पुढची गंमत तर मला जास्तच आवडते. १९६७ मध्ये नेलर आणि त्यांचे सहकारी विल्यम्स यांनी प्रयोगशाळेतच वाढलेल्या खेकड्यांवर प्रयोग केला. या बिचाऱ्यांनी भरती कधी पाहिलीच नव्हती. त्यांना काही तास खूप गार पाण्यात ठेवून बाहेर काढलं, आणि ते भरती-ओहोटीच्या तालावर वागू लागले! म्हणजे घड्याळ जन्मापासून अंगात होतंच, फक्त चावी द्यायची राहिली होती.

आता वाढीचं बघू. खेकड्याचं कवच टणक, ते ताणत नाही. मग मोठं व्हायचं कसं? जुनं कवच मागच्या बाजूला उकलतं आणि खेकडा त्यातून उलटा, मागे मागे सरकत बाहेर येतो. पाय, नांग्या, डोळ्यांवरचं आवरण, एवढंच काय, पोटातले अन्न दळणारे दातसुद्धा जुन्या कवचाबरोबर टाकून देतो. बाहेर आलेला खेकडा अगदी मऊ असतो. तो भरपूर पाणी पिऊन फुगतो आणि त्या मापाचं नवं कवच कडक होईपर्यंत दडून बसतो. एखादा पाय तुटला असेल, तर तोही कात टाकताना पुन्हा फुटतो, आधी जरा छोटा.

त्याची पिल्लं मात्र खेकड्यासारखी दिसतच नाहीत. मोठे डोळे, डोक्यावर लांब काटा, लांबट शेपटी आणि आकार टाचणीच्या डोक्याएवढा. पूर्वी शास्त्रज्ञ त्यांना वेगळाच प्राणी समजत आणि 'झोइया' म्हणत. आयर्लंडमधल्या कॉर्क इथे राहणारे जॉन व्हॉन थॉम्पसन हे लष्करातले डॉक्टर म्हणाले, अहो, ही तर खेकड्याची पिल्लं! बऱ्याच जाणकारांना ते पटेना. मग १८३५ साली थॉम्पसननी याच किनारी खेकड्याचं उदाहरण घेऊन निबंध लिहिला: अंड्यातून झोइया, मग आणखी एक रूप आणि शेवटी खेकडा.

ही पिल्लं कित्येक आठवडे पाण्यात तरंगत असतात. शिवाय जहाजांबरोबरही हा खेकडा दूरदूर पोचला. १८१७ मध्ये तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसला, १९८९ मध्ये थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात. नव्या ठिकाणचे शिंपले त्याने असे काही फस्त केले, की शिंपल्यांवर पोट असलेले लोक हैराण झाले. सापळे लावून खेकडे पकडायची मोहीम काही ठिकाणी अजून चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत मात्र माणसांना एक मदतनीस मिळाला आहे. तिथली समुद्री पाणमांजरं पाण्यावर उताणी तरंगत, पोटावर खेकडा ठेवून कुरुमकुरुम खातात. वर्षाला निदान पन्नास हजार तरी!